एक कोटी दारं

‘जगात सर्वाधिक खपाचे वृत्तपत्र कोणते?’ हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला आहे. मुलं उत्तर घोकतात, गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मी ते उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्र अडखळलो होतो. ज्याचा दबदबा जगभर सांगितला जातो ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या शर्यतीत कुठेच नाही. त्याच्या छापील प्रती आज रोज तीन लाखांच्याही खाली आहेत. आपल्याकडची काही मराठी दैनिकं त्याहून जास्त छापतात. उत्तर आहे तोक्योचं ‘योमिउरी शिंबून’, स्थापना १८७४. जपानची लोकसंख्या साधारण आपल्या महाराष्ट्राएवढी, बारा कोटींच्या आसपास. तेवढ्याशा देशात या एका दैनिकाच्या सकाळच्या आवृत्तीने १९९४ साली एक कोटीचा टप्पा ओलांडला. संध्याकाळची आवृत्ती यात धरलेली नाही. दर चार-पाच घरांमागे एका घरात रोज पहाटे हाच पेपर येऊन पडत होता.

एवढा खप होतो कसा, हे मार्गदर्शकात नसतं. सहसा सांगितलं जातं की जपानी माणूस शिकलेला, शिस्तीचा, वाचनवेडा. ते खोटं नाही. नात्सुमे सोसेकीसारखा लेखक १९०७ साली विद्यापीठातली नोकरी सोडून ‘असाही शिंबून’मध्ये दाखल झाला आणि त्याच्या कादंबऱ्या क्रमशः पेपरातून लोकांच्या घरी गेल्या. पण साक्षरता स्वीडनमध्येही आहे आणि वाचनवेड रशियातही होतं. जपानचं गुपित शोधायचं तर वाचनालयात जाऊन उपयोग नाही, रात्री दोन वाजता गल्लीतल्या पेपरच्या दुकानात जायला हवं.

हे दुकान आपल्या नाक्यावरच्या स्टॉलसारखं नसतं. तिथे गिऱ्हाईक येत नाही, दुकानच गिऱ्हाइकाकडे जातं. बहुतेक दुकानं एकाच कंपनीशी बांधलेली, प्रत्येकाची हद्द ठरलेली. मध्यरात्रीनंतर ट्रक गठ्ठे टाकून जातो. आदल्या दिवशीच लावून ठेवलेली जाहिरातींची पत्रकं, म्हणजे सुपरमार्केटमधली सवलत, नवा क्लास, घर विकणे आहे, प्रत्येक अंकात सरकवली जातात. पावसाचा रंग दिसला तर यंत्र एकेक प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतं. मग होंडाच्या सुपर कब गाड्या निघतात आणि उजाडायच्या आत पेपर पेटीत पडलेला असतो. जपानमधल्या शंभर प्रतींपैकी पंचाण्णव अशा घरपोच जातात. किंमत तोक्योच्या मध्यवस्तीत जेवढी तेवढीच डोंगरातल्या खेड्यात, कारण कंपनीने ठरवलेल्या किमतीलाच विकण्याची मुभा कायद्याने वृत्तपत्रांना दिली आहे. गाड्या चालवणाऱ्यांत विद्यार्थी पुष्कळ. दुकानात राहायचं, पहाटे आणि दुपारी पेपर टाकायचे, बदल्यात कंपनीच्या शिष्यवृत्तीतून कॉलेजची फी भागते. अलीकडे त्यांत व्हिएतनामसारख्या देशांतून आलेली मुलंही दिसतात. आपले अब्दुल कलाम लहानपणी रामेश्वरमला, युद्धामुळे तिथे न थांबणाऱ्या गाडीतून फेकले जाणारे गठ्ठे गोळा करून वाटायला मदत करत, हे आपण कौतुकाने सांगतो. जपानने त्या कष्टाची पक्की व्यवस्थाच लावून टाकली.

ज्याने या यंत्राला वेग दिला तो मात्सुतारो शोरिकी मूळचा पोलीस अधिकारी. १९२३च्या डिसेंबरात युवराज हिरोहितोंवर गोळी झाडली गेली, बंदोबस्तातल्या ढिलाईपायी शोरिकीची नोकरी गेली आणि पुढच्याच वर्षी त्याने डबघाईला आलेलं ‘योमिउरी’ विकत घेतलं. संपादनाचा अनुभव शून्य. पण गर्दी कशाने जमते, हे पोलिसाइतकं कुणाला कळतं? त्याने रेडिओच्या कार्यक्रमांचं पान सुरू केलं, ‘गो’ या पटावरच्या खेळाच्या सामन्यांना पेपरात मानाची जागा दिली, १९३४ साली बेब रूथसह अमेरिकेचे बेसबॉलपटू जपानात आणले आणि त्याच सुमारास ‘जायंट्स’ हा संघ उभा केला. परक्यांना आणून खेळवल्याच्या रागातून एका कडव्या राष्ट्रवाद्याने त्याच्यावर तलवार चालवली, असं सांगतात, तो वाचला. महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तुरुंगात गेला, खटला न चालता सुटला, खासगी दूरचित्रवाणी काढली आणि १९५६ साली देशाच्या अणुऊर्जा आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला. असा माणूस कादंबरीत घातला तर समीक्षक लेखकाला अतिशयोक्तीबद्दल झोडपतील.

वर्गणीदार मिळवायची रीतही शोरिकीच्या वारशाला शोभणारी. दारोदार फिरणारे विक्रेते हातात कपडे धुण्याची पावडर, बिअरची कुपनं, जायंट्सच्या सामन्याची तिकिटं घेऊन येत. तीन महिन्यांची वर्गणी लावा, पावडर ठेवून घ्या. तीन महिन्यांनी दुसऱ्या पेपरचा माणूस दुसरी पावडर घेऊन हजर. यातले काही विक्रेते इतके दांडगे, की दारात पाय अडकवूनच बोलायचे. जपानी लोकांनी त्यावर एक टोमणा रचलेला आहे: पेपर काढतात विद्वान आणि विकतात गुंड. विद्वानांना तो झोंबत असणार, पण पगार त्याच विक्रीतून निघायचा.

याच व्यवस्थेच्या पोटात एक शब्द जन्मला: ‘ओशिगामी’, म्हणजे ढकललेला कागद. दुकानाला वर्गणीदार दोन हजार असतील आणि कंपनीने अडीच हजार प्रती माथी मारल्या, तर उरलेले पाचशे अंक गठ्ठ्याची दोरीही न सुटता रद्दीत जातात. कंपनीच्या हिशेबी ते विकले गेलेले असतात, कारण दुकानदाराने पैसे भरलेले असतात. दुकानदार सहन का करतो? एक तर दुकान जाईल ही भीती. दुसरं म्हणजे पत्रकांच्या जाहिरातीचे पैसे दुकानाच्या प्रतसंख्येवर ठरतात, त्यामुळे फुगलेल्या आकड्याचा थोडा मलिदा त्यालाही मिळतो. पत्रकं देणारा सुपरमार्केटवाला तेवढा फसतो. असं काही आम्ही करत नाही, असं कंपन्या सांगत आल्या आहेत. दुकानदार कोर्टात गेले. काही जिंकले, बरेच हरले. पण पत्रकांचा धंदा मंदावला, तशी न उघडलेल्या गठ्ठ्यांची सोय कुणालाच परवडेना. जपानी दैनिकांचा एकूण खप १९९७च्या सुमारास ५ कोटी ३७ लाखांवर होता, २०२३ मध्ये तो २ कोटी ८६ लाखांपर्यंत उतरला. यातले वाचक किती गेले आणि कागद किती गेला, याची फोड कुणी करून दाखवलेली नाही.

खपाचा आकडा म्हणजे वाचकांचा आकडा, हे गृहीत धरून आपण चालतो. माझ्या मते तो मुळात पोचवण्याचा आकडा आहे. कुठल्याही मोठ्या खपाला दोनच प्रश्न विचारावेत: या प्रतीचे पैसे कुणी भरले, आणि उद्या ती आली नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल? पहिल्याचं उत्तर ‘वाचकाने’ असं असेल आणि दुसऱ्याचंही ‘वाचकाला’, तर तो खप खरा. दोन उत्तरं जितकी एकमेकांपासून लांब, तितका आकडा पोकळ. हे माप जपानला लावलं तर मधले पैसे दुकानदार आणि पत्रकवाला भरत होता, असं दिसतं. पण इतर ठिकाणी ते इतकं सरळ बसत नाही.

सोव्हिएत रशियाचं बघा. जगातले सर्वांत प्रचंड आकडे जपानचे नाहीतच, ते तिथले आहेत. ‘अर्गुमेंती इ फाक्ती’ हे साप्ताहिक १९७८ साली प्रचारकांसाठी, व्याख्यात्यांना मुद्दे पुरवणारं एक पत्रक म्हणून सुरू झालं. गोर्बाचेव्हच्या काळात त्याने आकडेवारी आणि वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं छापायला सुरुवात केली आणि १९९० साली त्याचा खप ३ कोटी ३० लाखांवर गेला. ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ हे दैनिक त्याच वर्षी २ कोटी २० लाखांच्या आसपास पोचलं. हा खप पावडर वाटून मिळवलेला नव्हता. उलट १९८८ साली सरकारने कागदाच्या टंचाईचं कारण देऊन लोकप्रिय नियतकालिकांच्या वर्गणीवर मर्यादा घातली, तेव्हा वाचकच खवळले आणि सरकारला हात मागे घ्यावा लागला. १९८९ मध्ये ‘अर्गुमेंती’ने वाचकांच्या पत्रांच्या आधारे लोकप्रतिनिधींच्या लोकप्रियतेची यादी छापली, गोर्बाचेव्हनी संतापून संपादक व्लादिस्लाव स्तार्कोव्ह यांना राजीनामा द्यायला सांगितलं आणि त्यांनी तो दिला नाही. कोट्यवधी वर्गणीदार पाठीशी असले की असं जमतं.

इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खणखणीत आहे: पेपर आला नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटणार होतं. पहिल्याचं उत्तर मात्र गडबडीचं. वर्गणी अंकामागे काही कोपेकची. कागद, छपाई, टपाल सगळं सरकारी आणि किंमत ठरवलेली. १९९२च्या जानेवारीत रशियाने किमती मोकळ्या सोडल्या. कागद महागला, टपाल महागलं, पगाराचं मोल उरलं नाही, आणि जे लोक चार वर्षांपूर्वी पेपरासाठी सरकारशी भांडले होते त्यांनाच वर्गणी भरणं जड झालं. दशक संपेपर्यंत त्या कोट्यवधींतला फार थोडा खप उरला. वाचकांची भूक खरी होती, ताट सरकारचं होतं.

चीनमधली गोष्ट आणखी गमतीची. ‘सानकाओ श्याओशी’ हे परदेशी वृत्तपत्रांतला मजकूर भाषांतर करून देणारं पत्र फक्त पक्षाच्या अधिकाऱ्यांसाठी असे, सामान्य माणसाने ते विकत घ्यायचं नाही. १९५७च्या सुमारास माओने त्याच्या प्रती काही हजारांवरून काही लाखांवर नेल्या. बंदीच आकर्षण ठरली. जगात काय चाललंय हे कळायला हेच एक भोक होतं. लाखोंनी छापलं जाणारं गुपित ही चीनची खास निर्मिती म्हणायला हवी.

वाचक खिशातून पैसे मोजतो आणि सरकार मध्ये येत नाही, अशी जागा बघायची तर ब्रिटन. तिथे रविवारच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने १९५० साली ८४ लाखांचा आकडा गाठला. कोर्टातली प्रकरणं, घटस्फोट, खून, पाद्र्यांच्या भानगडी. लोकांनी मोकळेपणी निवड केली आणि हे निवडलं. त्याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्याचा शेवट शिकण्यासारखा आहे. २०११च्या जुलैत, एका खून झालेल्या शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोप या पेपरच्या लोकांनी चोरून ऐकले होते, हे उघड झालं. आठवड्याच्या आत पेपर बंद. त्या दिवसांतही तो आठवड्याला सव्वीस लाख प्रती विकत होता. वाचक पळाले नव्हते, जाहिरातदार पळाले होते. खप कितीही असो, दिवा विझवायचं बटण कुणाच्या हातात आहे, ते त्या एका आठवड्यात दिसलं.

आता आपल्याकडे यायला हवं, कारण खप म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मराठी दैनिकामुळेच आला. १९५६ साली केंद्राने एक कायदा केला आणि १९६० साली त्याखाली आदेश काढला: किती किमतीला किती पानं द्यायची, हे सरकार ठरवणार. पहिल्या वृत्तपत्र आयोगाची ती शिफारस होती आणि हेतू वाईट नव्हता. श्रीमंत पेपरांनी थोड्या पैशांत जास्त पानं देऊन लहान पेपरांना चिरडू नये, एवढाच. पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिलं. तेव्हा त्याचा खप पन्नास हजारांच्या थोडा वर. युक्तिवाद साधा: तेवढीच पानं द्यायची तर किंमत वाढवावी लागेल, किंमत वाढली की खप घटेल, आणि किंमत तीच ठेवायची तर पानं कापावी लागतील, म्हणजे मजकूर कापावा लागेल. १९६१ साली न्यायालयाने आदेश आणि कायदा दोन्ही रद्द ठरवले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात तो विचार किती लोकांपर्यंत पोचवायचा, हेही येतं, असं त्यांनी धरलं. म्हणजे खप ही धंद्याची बाब राहिली नाही, ती अभिव्यक्तीचा भाग झाली.

निकाल योग्यच होता. तरी त्याच्या पुढची गोष्ट विसरून चालणार नाही. १९९४ साली दिल्लीत एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने अंकाची किंमत दीड रुपयावर आणली आणि देशभर किमतींची लढाई पेटली. अंकाच्या कागदाचाही खर्च किमतीतून निघेना; तो जाहिरातदार भरू लागला. आपल्या घरोघरी त्याचा पुरावा महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याच्या तराजूत दिसतो. वर्गणीतला चांगला हिस्सा रद्दीतून परत मिळतो, हे गृहिणींना अर्थतज्ज्ञांच्या आधी कळलं होतं. आयोगाला ज्या गोष्टीची धास्ती होती ती न्यायालयाने मोकळ्या केलेल्या रस्त्यानेच आली. दुसऱ्याच्या पैशाने वाढलेल्या खपाचं स्वातंत्र्य वाचकाचं राहत नाही, पैसे भरणाऱ्याचं होतं, आणि कुठली बातमी पान एकवर, कुठली आत आणि कुठली टोपलीत, हे ठरवताना त्याची आठवण ठेवावी लागते.

लहान पेपरांची चूक दुसऱ्या टोकाची. सरकारी जाहिरातीचा दर खपावर ठरतो, म्हणून कागदोपत्री पंचवीस हजार आणि प्रत्यक्षात जेमतेम पाचशे छापणारी दैनिकं जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात. फाइलला लावायला अंक हवा म्हणून तो निघतो. जपानचा ओशिगामी निदान छापला तरी जातो.

यावर मराठी लेखकांचा ठरलेला दिलासा असतो: बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’ला वर्गणीदार किती होते? ‘मूकनायक’चा खप किती होता? आणि तरी इतिहास कुणी घडवला? हा दिलासा मला कधी पटला नाही. ‘मूकनायक’ फार काळ चालू शकला नाही, ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी १९२९ साली थांबला; त्यातला बराचसा मजकूर डॉ. आंबेडकर एकट्याने लिहीत. त्यांना लहान खप नको होता, तो त्यांच्यावर लादला गेला होता. ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांच्या हातात वर्गणीचे पैसे नव्हते आणि बहुतेकांना अक्षरओळख मिळू दिलेली नव्हती. एक कोटी दारं त्यांना मिळाली असती तर त्यांनी नको म्हटलं नसतं. खप लहान असणं हा गुण नव्हे. तो खरा आहे की नाही, एवढंच बघायचं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही आता एक कोटी दारं गाठली आहेत, फक्त ती पडद्यावरची. २०२३च्या अखेरीस त्याचे एकूण वर्गणीदार एक कोटीच्या वर गेले. त्यातले बरेच जण शब्दकोडी आणि पाककृतींसाठीही पैसे भरतात. शोरिकीने हे बघून मान डोलावली असती.

माझ्या दोन प्रश्नांची परीक्षा आपल्याकडे एकदा आपोआप झाली. २०२०च्या मार्चअखेर, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईत पेपर येणं थांबलं. एप्रिलमध्ये राज्य सरकारने छापायला परवानगी दिली, पण घरोघर टाकायला मनाई केली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, मग सरकारने आदेश काहीसा सैल केला. पेपर नव्हता तेव्हा तो चुकल्यासारखा कुणाला वाटला? आमच्या जिन्यावरच्या आठ घरांपैकी पाच घरांत पेपर यायचा. पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन घरांत. उरलेल्या तिघांनी पेपर ‘बंद केला’ असंही नव्हतं; त्यांनी तो पुन्हा लावला नाही, इतकंच. आमचा पेपरवाला वीस वर्षांपूर्वी पैसे मोजून ही लाईन विकत घेऊन बसलेला. “सर, पेपर वाचणारे फार नव्हतेच,” तो मला म्हणाला, “पेपर येणारे होते.” खपाबद्दल इतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

‘योमिउरी’चा खप आता साठ लाखांच्याही खाली गेला आहे. यादीत त्याचं नाव अजून वरच असतं आणि परीक्षेत उत्तर म्हणून चालतंही. आपल्याकडेही रोज कुठल्या ना कुठल्या दैनिकाच्या माथ्यावर ‘सर्वाधिक खपाचे’ असं छापलेलं असतं. ते वाचून झालं की एकदा पहाटे साडेचारला आपल्या भागातल्या पेपरच्या सेंटरवर जा. विक्रेते पदपथावर बसून पुरवण्या भरत असतात. त्यांना विचारा, कुठल्या पेपरचे गठ्ठे किती येतात आणि परत किती जातात. ते सांगतील.